निरंक, शून्य आणि कोरे

१. साधा दिसणारा प्रश्न

कोष्टकातील रिकाम्या जागा तेवढ्या काढल्या, एकाही आकड्याला हात लावला नाही, तरी सरासरी बदलली ती कशी, हा प्रश्न शाळेच्या हजेरीपासून सहकारी सोसायटीच्या हिशेबापर्यंत कोणतीही माहिती संगणकावर भरणाऱ्याला कधी ना कधी पडतो. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पडतो: यादीच्या पोटात आणखी याद्या असतील, तर त्या साऱ्यांमधील रिकाम्या वस्तू एका आज्ञेत निघून का जात नाहीत, आणि गेल्याच तर त्यांच्यासोबत कामाच्या वस्तूही का जातात? दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. 'रिकामे' या शब्दाचा अर्थ माणूस प्रसंग पाहून लावतो. संगणकाला तो अर्थ आधी सांगून ठेवावा लागतो, आणि सांगायचा राहिला तर संगणक स्वतःचा अर्थ लावून मोकळा होतो.

या प्रकरणात पावसाच्या नोंदींचे उदाहरण घेतले आहे आणि त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके निवडले आहेत. घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड ही दोन्ही गावे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पश्चिमेकडील मावळ-मुळशीच्या डोंगरांवर ढग मोकळे झाले की पूर्वेकडे फार थोडे पाणी उरते. त्यामुळे येथील पावसाच्या वहीत सर्वाधिक वेळा लिहिला जाणारा आकडा शून्य हाच असतो, आणि पेरणी करायची की थांबायचे हे ठरवताना त्याच आकड्याला सर्वाधिक महत्त्व असते. शून्याला रिकामे समजणारी चूक जेथे सर्वांत महाग पडते, तेथेच ती तपासून पाहणे योग्य ठरेल.

२. यादी आणि यादीच्या पोटातील यादी

ओळीने मांडलेल्या वस्तूंच्या यादीला प्रोग्रामिंगमध्ये ॲरे म्हणतात. ॲरेमधील प्रत्येक वस्तूला तिच्या जागेवरून ओळखले जाते: पहिली, दुसरी, तिसरी. स्वयंपाकघरातील मसाल्याच्या डब्यात हळदीची वाटी कोठे आणि मोहरीची कोठे हे हाताला पाठ झालेले असते, त्यावर लेबल लावलेले नसते. ॲरेचा कारभार बराचसा असाच चालतो. आता त्या डब्यातील एखाद्या वाटीच्या जागी आणखी एक लहान डबा ठेवला आणि त्यात पुन्हा वाट्या मांडल्या, तर जे तयार होईल त्याला नेस्टेड ॲरे, म्हणजे यादीच्या पोटात यादी असलेली रचना, असे म्हणता येईल.

पावसाच्या नोंदी अशाच असतात. जिल्ह्याच्या यादीत तालुके, तालुक्याच्या यादीत पर्जन्यमापक असलेली गावे आणि गावाच्या यादीत दिवसांचे आकडे. समजण्यासाठी चार गावांचा एका आठवड्याचा, सोमवार ते रविवार असा, एक काल्पनिक नमुना पुढे दिला आहे. गावे खरी आहेत, आकडे केवळ उदाहरणापुरते मिलिमीटरमध्ये घेतले आहेत.

शिरूर: [
  न्हावरे: [०, ०, १२, ०, कोरे, ०, ६],
  टाकळी हाजी: [०, कोरे, ०, ०, ०, ०, ०]
]
दौंड: [
  केडगाव: [कोरे, कोरे, कोरे, कोरे, कोरे, कोरे, कोरे],
  पाटस: []
]

चौकटी कंसांची प्रत्येक जोडी म्हणजे एक डबा. पाटसपुढचे रिकामे कंस नीट पाहावेत, कारण तेथे कोऱ्या नोंदीही नाहीत. पाटसला पर्जन्यमापक अजून बसलेलाच नाही असे समजावे.

३. रिकामेपणाचे प्रकार

या लहानशा नमुन्यात रिकामे वाटणाऱ्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढील सारे विवेचन त्यांच्यातील फरकावर उभे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे शून्य. भारतात पर्जन्यमापकाची दैनिक नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते. नोंद घेणारा माणूस नरसाळे काढतो, आतील बाटली उचलतो, ती कोरडी आढळते, आणि तो वहीत ० लिहितो. या शून्यामागे चालत जाणे आहे, वाकून पाहणे आहे आणि खात्री आहे. पाऊस पडला नाही ही येथे मिळालेली माहिती आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कोरे. त्या सकाळी कोणी गेले नसेल, बाटली फुटली असेल, किंवा आकडा वहीत असून संगणकावर चढवायचा राहिला असेल. त्या दिवशी कोरडे होते की धो धो कोसळत होते, हे या कोऱ्या जागेवरून कळत नाही. प्रोग्रामिंगमध्ये या कोरेपणाला बहुधा 'नल' म्हणतात. टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेची आखणी करताना नलची सोय केली, आणि २००९ मधील एका व्याख्यानात तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले. कारण जेथे वस्तू असायला हवी तेथे नल निघाल्यामुळे बंद पडलेल्या प्रोग्रामांची गणती करणे अशक्य झाले होते.

तिसरी गोष्ट म्हणजे रिकामी यादी. पाटसचा डबा आहे, पण त्यात वाट्याच नाहीत. कोरे म्हणजे प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही. पाटसच्या बाबतीत विचारण्याजोगा प्रश्नच नव्हता. माहितीसाठ्याच्या आजच्या कोष्टकपद्धतीचा पाया १९७० मध्ये घालणारे एडगर कॉड यांना हा भेद इतका महत्त्वाचा वाटला की, १९९० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी रिकाम्या जागेसाठी दोन निरनिराळ्या खुणा सुचवल्या: एक 'लागू आहे पण मिळालेली नाही' अशा माहितीसाठी आणि दुसरी 'लागूच नाही' अशा माहितीसाठी. ही सूचना व्यवहारात फारशी रुजली नाही, आणि ते नुकसानच झाले असे म्हणावे लागते.

याखेरीज एक फसवे कोरेपणही असते. माहिती भरताना एखाद्या चौकटीत चुकून स्पेसबार दाबला गेला, तर डोळ्यांना ती चौकट कोरी दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने तिच्यात एक अक्षर, म्हणजे मोकळी जागा हे अक्षर, भरलेले असते. म्हणून गाळण्याआधी अशा चौकटींच्या कडांवरील मोकळ्या जागा छाटून घेण्याची पद्धत आहे.

मराठी सरकारी कामकाजाने हा भेद संगणकाच्या आधीच एका शब्दात पकडला होता. मासिक अहवालात काही घडलेच नसेल तर रकाना मोकळा सोडायचा नसतो. तेथे 'निरंक' लिहायचे असते. निरंक म्हणजे रकाना वाचला, नोंदी पाहिल्या आणि सांगण्यासारखे काही आढळले नाही. मोकळा रकाना वरिष्ठांकडून परत येतो, निरंक लिहिलेला येत नाही.

४. चाळणीची भोके

यादीतून काही वस्तू ठेवून बाकीच्या वगळण्याच्या क्रियेला फिल्टर करणे, म्हणजे गाळणे किंवा चाळणे म्हणतात. प्रत्येक फिल्टरला एक कसोटी द्यावी लागते. जी वस्तू कसोटीला उतरते ती राहते, उरलेली जाते. कसोटी म्हणजे चाळणीची भोके. पिठाची चाळणी गव्हाला लावली तर खडे गव्हातच राहतात आणि गव्हाची चाळणी पिठाला लावली तर कोंडाही पिठासोबत खाली येतो. दोष चाळणीचा नसतो, निवडीचा असतो.

अनेक प्रोग्रामिंग भाषांत एक तयार चाळणी मिळते. ती प्रत्येक वस्तूला 'ही खरी आहे का?' एवढेच विचारते, आणि या भाषांच्या रूढीनुसार शून्य, कोरे, रिकामा शब्द आणि 'नाही' हे उत्तर ही सारी मंडळी 'खोटी' ठरतात. लिहायला ती एका शब्दाची असल्याने नवशिके हीच चाळणी सर्वांत आधी उचलतात. ती न्हावरेच्या यादीवर चालवून पाहावी.

न्हावरेत सहा दिवसांच्या नोंदी आहेत आणि त्यांची बेरीज १८ मिमी आहे. म्हणून नोंद झालेल्या दिवसांची सरासरी १८ भागिले ६, म्हणजे ३ मिमी येते. कोऱ्या दिवसाला शून्य मानले तर १८ भागिले ७, म्हणजे सुमारे २.६ मिमी. तयार चाळणीने मात्र कोऱ्यासोबत चारही शून्ये काढून टाकली, यादीत १२ आणि ६ एवढेच उरले, आणि सरासरी ९ मिमी झाली. खरा पाऊस थेंबभरही वाढलेला नाही, तरी कागदावर तो तिप्पट झाला.

टाकळी हाजीचे काय होते ते याहून गंभीर आहे. तेथे सहा शून्ये आणि एक कोरी जागा आहे. तयार चाळणी सातही काढून टाकते, गावाची यादी रिकामी होते, आणि रिकाम्या याद्याही काढून टाकायच्या असल्यामुळे गावाचे नावच कोष्टकातून जाते. ज्या गावात आठवडाभर पाऊस नाही, नेमके तेच गाव नाहीसे होते, आणि शिरूर तालुक्याची सरासरी फक्त न्हावरेच्या दोन ओल्या दिवसांवरून ९ मिमी अशी छापली जाते. खरी सरासरी बारा नोंदींवरून १.५ मिमी आहे. ही चूक एका बाजूलाच झुकते. तिच्यामुळे कोरडे गाव नेहमी ओले दिसते, ओले गाव कधी कोरडे दिसत नाही. म्हणून पर्जन्यछायेतील तालुक्याच्या माहितीला ही चाळणी लावणे म्हणजे दुष्काळ नजरेआड करणे होय, मग ते कितीही नकळत घडलेले असो.

योग्य कसोटी अधिक लांब असते पण अवघड नसते: 'ही वस्तू कोरी नाही ना?' एवढेच विचारावे, 'ही खरी आहे का?' असे विचारू नये. शून्य कोरे नसल्यामुळे ते या चाळणीवर टिकून राहते.

५. पोचट शेंग

कसोटी ठरली, तरी यादीच्या पोटातील याद्यांचा प्रश्न उरतो. वरवरची चाळण पहिल्या थरावर थांबते. तालुक्यांच्या यादीला विचारले की तुझ्यात कोणी रिकामे आहे का, तर उत्तर 'नाही' असे येते, कारण दौंडच्या डब्यात केडगाव आणि पाटस असे दोन डबे आहेत. भुईमुगाची पोचट शेंग बाहेरून भरल्या शेंगेसारखीच दिसते. फोडल्याशिवाय आत दाणा आहे की नुसता सुरकुतलेला पापुद्रा, हे कळत नाही. नेस्टेड ॲरेचेही तसेच आहे.

पण फोडण्याचा क्रमही महत्त्वाचा असतो. बाहेरून आत गेले तर असे होते: दौंड रिकामे नाही, म्हणून ठेवले, केडगाव रिकामे नाही, त्यात सात कोऱ्या नोंदी आहेत, म्हणून तेही ठेवले, पाटस रिकामे आहे, म्हणून काढले. मग केडगावच्या आत जाऊन सातही कोऱ्या नोंदी काढल्या. केडगाव आता रिकामे झाले, पण त्याची तपासणी आधीच उरकलेली असल्यामुळे त्याच्याकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही, आणि कोष्टकात एक रिकामा डबा तसाच राहून जातो. आतून बाहेर आले तर हा प्रश्न उद्भवत नाही. आधी दाणा पाहावा, मग शेंग, मग वेल.

हा क्रम पाळणारा नियम पुढीलप्रमाणे लिहिता येतो.

गाळ (यादी):
१. एक नवी, रिकामी यादी घ्यावी.
२. जुन्या यादीतील वस्तू एकेक करून पाहाव्यात.
३. वस्तू स्वतःच यादी असेल, तर आधी तिच्यावर 'गाळ' चालवावे, आणि हाती आलेल्या यादीत काही उरले असेल तरच ती नव्या यादीत ठेवावी.
४. वस्तू यादी नसेल आणि कोरीही नसेल, तर ती नव्या यादीत ठेवावी.
५. शेवटी नवी यादी परत द्यावी.

तिसऱ्या पायरीत नियम स्वतःलाच बोलावतो. या युक्तीला रिकर्शन म्हणतात, आणि प्रथम वाचणाऱ्याला ती चक्रावून टाकते, कारण नियम पूर्ण सांगून होण्याआधीच तो वापरलेला दिसतो. परंतु प्रत्येक बोलावण्यासरशी नियम एक थर आत जातो, थर मोजकेच असतात, आणि सर्वांत आतल्या थरात याद्या नसून आकडे असल्यामुळे तेथे बोलावणे थांबते. जिल्हा, तालुका, गाव असे तीन थर असोत की तीस, नियमात एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही. याद्यांच्या पोटात याद्या आणि स्वतःला बोलावणारे नियम यांची जोडी जॉन मॅकार्थी यांनी १९५८ पासून घडवलेल्या लिस्प या भाषेत प्रथम ठळकपणे दिसली. त्या भाषेत रिकामी यादी आणि 'नाही' हे उत्तर या दोन्ही गोष्टी एकच होत्या, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

६. रांगेतून गाडी काढताना

वरील नियमात जुन्या यादीतून काही काढण्याऐवजी नवी यादी भरली आहे, आणि ते हेतुपुरस्सर आहे. उसाच्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यासमोर गाड्या नंबराला लागतात. तपासणीस रांगेच्या कडेने चालत एक, दोन, तीन असे मोजत जातो आणि तिसरी गाडी मोकळी आढळताच तिला बाहेर काढतो. मागच्या गाड्या लगेच पुढे सरकतात. चौथी गाडी तिसऱ्या जागी येते, पण तपासणीस आता चौथ्या जागेकडे निघालेला असतो, जेथे मूळची पाचवी उभी आहे. चौथी न तपासताच सुटली. यादी चालता चालता तिच्यातूनच वस्तू काढणाऱ्या प्रोग्राममध्ये हेच घडते, आणि लागोपाठ दोन कोऱ्या नोंदी असल्या की दुसरी हमखास निसटते. केडगावच्या सात कोऱ्या नोंदींपैकी अशा रीतीने चारच निघाल्या असत्या.

सरकण्याचा दुसरा परिणाम अधिक शांतपणे होतो. न्हावरेच्या यादीतून शुक्रवारची कोरी नोंद काढली की उरते ती यादी [०, ०, १२, ०, ०, ६]. रविवारचा ६ मिमी पाऊस आता सहाव्या जागी आला, आणि सहावी जागा शनिवारची आहे. जेथे जागाच ओळख असते, तेथे गाळल्यानंतर ओळख बदलते. मसाल्याच्या डब्यातील रिकामी वाटी काढून बाकीच्या सरकवल्या तर हळदीच्या जागी हात घातल्यावर जिरे लागतील. उपाय असा की गाळण्याआधी प्रत्येक आकड्याला त्याचा वार जोडून घ्यावा, म्हणजे 'रविवार, ६' अशी जोडी कोठेही सरकली तरी रविवार तिच्यासोबतच जातो.

भाषेगणिक बारकावेही बदलतात. पायथनमध्ये रिकामी यादी 'खोटी' मानली जाते, जावास्क्रिप्टमध्ये ती 'खरी' ठरते, म्हणून एका भाषेत शिकलेली चाळणी दुसरीत वेगळे गाळते. पीएचपीमध्ये अक्षररूपात लिहिलेले शून्यही तयार चाळणीतून खाली पडते. रूबीची कॉम्पॅक्ट ही आज्ञा फक्त कोरे काढते आणि शून्याला हात लावत नाही, ही तिची थोरवी. मात्र ती एकाच थरापुरती चालते.

७. सातबारा आणि इनामगाव

असाच प्रश्न शेतीच्या नोंदीतही येतो. सातबारा उताऱ्यातील गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही आहे, आणि तिची रचना मुळातच यादीच्या पोटातील यादीची आहे: गावात गट, गटात पिके, आणि मिश्र पीक असेल तर त्या पिकात पुन्हा घटक पिके. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी ही नोंद मोबाइलवरून स्वतः करू लागला. एखाद्या गटाच्या पिकांची यादी रिकामी असेल, तर शेत पडीक आहे की पाहणी व्हायची आहे, हे नुसत्या रिकामेपणावरून सांगता येत नाही. म्हणूनच पडीक जमिनीसाठी 'चालू पड' आणि 'कायम पड' अशा स्वतंत्र नोंदी आहेत. पड लिहिणे म्हणजे शून्य लिहिणे. पीकविम्याच्या किंवा नुकसानभरपाईच्या कामी या दोन रिकामेपणांतील अंतर शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचते.

शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. उत्खननाची नोंदही टेकाडात चर, चरात थर आणि थरात वस्तू अशीच असते, आणि तेथे 'खणले पण काही मिळाले नाही' आणि 'खणलेच नाही' हे दोन वेगळे निष्कर्ष मानले जातात. इनामगावला चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेल्या स्थितीतील पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याखाली तशाच आकाराचा दुसरा रांजण निघाला, त्यात मात्र माणसाचा सांगाडा नव्हता. उत्खननकारांनी ते प्रतीकात्मक दफन मानले: ज्याचा देह हाती लागला नाही, त्याच्यासाठीही रांजण पुरला गेला असावा. आत काही नाही म्हणून डबा टाकून द्यावा, हा नियम तेथे आंधळेपणाने चालवला असता, तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांविषयीची एक हळवी गोष्ट नोंदीतून गेली असती.

८. गाळलेल्याची वही

पाचव्या भागातील नियम मूळ नमुन्यावर चालवला की न्हावरेच्या सहा नोंदी आणि टाकळी हाजीची सहा शून्ये जागेवर राहतात, आणि दौंड पूर्ण जाते, कारण केडगाव आधी आतून रिकामे होते, पाटस आधीच रिकामे आहे, आणि दोन्ही गेल्यावर तालुक्याच्या डब्यात काही उरत नाही. नियमाने आपले काम चोख केले. परंतु हे कोष्टक वाचणाऱ्याला दौंडला पाऊस झाला नाही असे वाटू शकते. म्हणून गाळताना निघालेल्या वस्तूंची वेगळी वही ठेवण्याची रीत फार उपयोगाची आहे. नियमाच्या चौथ्या पायरीत एवढेच जोडायचे की वस्तू कोरी असेल तर तिचा पत्ता त्या वहीत लिहावा. आणि तिसऱ्या पायरीत, यादी सुरुवातीपासूनच रिकामी असेल तर तिचे नाव वेगळ्या शीर्षकाखाली लिहावे.

नोंद आली नाही: न्हावरे, शुक्रवार, टाकळी हाजी, मंगळवार, केडगाव, सोमवार ते रविवार.
नोंद लागू नाही: पाटस.

एकूण नऊ नोंदी विचारायच्या आहेत, आणि कोणाला विचारायच्या तेही ठरले आहे. केडगावची वही सापडली आणि सात आकडे मूळ यादीत भरले गेले, तर तोच नियम पुन्हा चालवताच दौंड तालुका आपोआप कोष्टकात परत येईल, कारण मूळ यादीला कोणी हात लावलेला नाही; आणि ते सातही आकडे शून्यच निघाले, तर सात शून्यांसह येईल.